अळणी रस्सा आणि बोर्दोचा द्राक्षारस

द्राक्षारस म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेदीवरचा चषक उभा राहतो. जेवणाच्या ताटाशी त्याचे नाते असू शकते, ही कल्पना वसईच्या लग्नघरांतून थोडीफार रुजली असेल. मराठवाड्यात तिचा मागमूस नाही. फ्रान्समध्ये मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्याही जेवणातला पदार्थ होता. बोर्दो शहराच्या उत्तरेस जिरोंदच्या विस्तीर्ण नदीमुखाकाठी मेदोक नावाचा चिंचोळा प्रदेश आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त तेथील तांबड्या द्राक्षारसांची लावलेली प्रतवारी अगदी थोड्या फेरफारांनिशी आजही मानली जाते. त्याच काठावरच्या पोइयाक गावची कोवळी कोकरेही प्रसिद्ध आहेत, आणि तांबड्या बोर्दोसोबत भाजलेले कोकराचे मांस हा तिकडचा मान्य बेत. एकाच मातीवर जे वाढले, ते एकाच ताटात आले.

या जोडीला रसायनाचाही आधार आहे. बोर्दोच्या तांबड्या द्राक्षारसात मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो ही द्राक्षे असतात. साली आणि बिया यांतून उतरणारे टॅनिन जिभेला तुरट लागते. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कडक कोरा चहा प्याल्यावर तोंड जसे आवळून येते, तसे. चहात दूध घातले की दुधातील प्रथिने त्या तुरटपणाला बांधून घेतात. मांसातील प्रथिने आणि चरबी द्राक्षारसाच्या बाबतीत साधारण हेच काम करतात. मिरचीचे मात्र उलट. तिखटाने पोळलेल्या जिभेवर मद्यार्क आणखी आग ओततो आणि तुरटपणा दुप्पट बोचतो.

आता आमचे लोहे. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. येथे मटण म्हणजे बोकडाचे, काळ्या मसाल्याचे, वर तर्री आलेले. तीन वर्षे बोर्दोला शिकत असलेली आमची मुलगी गेल्या डिसेंबरात घरी आली, ती एक बाटली जपून घेऊनच. पत्नीने दोन दिवस आधीपासून मसाला भाजून ठेवला होता. तो वास घेऊन मुलगी हलकेच म्हणाली, “मम्मी, याच्याबरोबर तिखट चालत नाही गं.”

वाक्य साधे होते, पण पाट्यावरचा हात थांबला. तीन वर्षांत लेकीची जीभ परकी झाली की काय, ही शंका त्या थांबण्यात होती. आणि आपण काय बोलून बसलो, हे मुलीच्याही ध्यानात आले. मी वर्तमानपत्रात डोके घातले. अशा वेळी पुरुषांना वर्तमानपत्राचा मोठा आधार असतो.

थोड्या वेळाने पत्नी म्हणाली, “मग मसाला घालायच्या आधीच अळणी काढून ठेवते. लहानपणी तुला तेच तर लागायचं.”

हळद, मीठ, आले-लसूण एवढ्यावरच शिजलेले मांस आणि त्याचे पिवळसर पाणी, हे आमच्याकडे लेकराबाळांचे आणि आजाऱ्यांचे अन्न. भोजनशास्त्राने त्याची कधी दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. बाटलीचीही सोय बघावी लागली. तांबडा द्राक्षारस खोलीच्या उष्णतेवर प्यावा असे म्हणतात, पण ती खोली फ्रान्समधल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. लोह्यातली दुपार डिसेंबरातही त्याहून बरीच उबदार असते. म्हणून ओले फडके गुंडाळून बाटली संध्याकाळपर्यंत खिडकीत ठेवली.

पहिला घोट नुसता घेतला तेव्हा पत्नीने तोंड वाकडे केले: “जांभळाचंच पाणी की!” मग चरबीचा एक तुकडा खाऊन दुसरा घेतला, आणि तिच्या भुवया वर गेल्या. तुरटपणा विरघळून मागे फळाची चव तेवढी उरली होती. मुलीने पेला संपवला, ताट पुढे ओढले आणि म्हणाली, “आता तर्रीचं वाढ.” त्या रश्शाबरोबर ती फक्त पाणी प्यायली, चार भाकरी खाल्ल्या, आणि नाक-डोळे गळत असताना आईकडे बघून हसत राहिली.

हल्ली रविवारी ती आपल्या बिऱ्हाडी मैत्रिणींना अळणी करून घालते. कोकराचे मांस तिकडे मिळते, द्राक्षारसाला तर तोटाच नाही. ज्वारीचे पीठ मात्र लोह्याहून न्यावे लागते.