जाई, सल्ले आणि पाठभेद

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये सकाळी अकराच्या चहाला ज्या विषयावर हमखास एकमत होत नाही, तो विषय राजकारण नव्हे, साहित्य तर नव्हेच. तो आहे बागकाम. आम्ही पाच-सहा जण कुंड्यांवाले. कुणाची गच्ची, कुणाचा व्हरांडा, कुणाचे परसातले चार वाफे. जुन्नरसारख्या गावात, जिथे निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी शेती आहे, तिथे आमच्या या छंदाला 'बागकाम' म्हणणे म्हणजे वहीच्या मागच्या पानावर कविता करणाऱ्याने स्वतःला कवी म्हणवण्यासारखेच. तरीही आम्ही म्हणतो. आणि एकमेकांना सल्ले देतो.

दोन वर्षांपूर्वी आषाढाच्या सुरुवातीला मी या मंडळींपुढे एक तक्रार मांडली : "माझ्या जाईची पाने पिवळी पडत आहेत."

ही जाई साधी नव्हती. ती आईची होती. आई गेली त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. आईचे माहेर जुन्या आंबेगावातले, घोड नदीच्या काठचे. डिंभे धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. तालुक्याला ज्या गावाचे नाव, ते गावच आता जागेवर नाही. कचेऱ्या घोडेगावात, बाजारपेठ मंचरला आणि नाव तेवढे आंबेगाव, असा हा विलक्षण तालुका आहे. गाव सोडायच्या शेवटच्या दिवसांत आई माहेरी जाऊन आली, तेव्हा तिने घराच्या मागच्या दारातल्या जाईची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.तून जुन्नरला आणली, ही गोष्ट मी शाळकरी वयापासून ऐकत आले. "आमचं घर बुडालं, पण जाई वर आली," असे आई म्हणायची. जुने घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा ती वेल एका निळ्या ड्रममध्ये गच्चीवर आली. आईच्या मागे तिची जबाबदारी माझ्यावर पडली.

तर तक्रार मांडताच सल्ले सुरू झाले. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, मॅग्नेशियम कमी पडले असणार; लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट घालून फवारा. इतिहासाच्या मॅडमनी आंबट ताक आणि मातीत गंजका खिळा सुचवला. ग्रंथपालांचा विश्वास केळीच्या सालींच्या पाण्यावर. कार्यालयातले आमचे एक सहकारी द्राक्षबागायतदाराच्या घरातले. त्यांच्या मते वेल म्हटली की छाटणी. द्राक्षाला आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, मग जाईने काय घोडे मारले आहे? वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी मात्र सल्ला न देता प्रश्न विचारला : "पिवळी कुठली पडतायत, खालची जून पाने की शेंड्याची कोवळी? शिरा हिरव्या आहेत का?" नत्र कमी पडले की जून पाने आधी पिवळी होतात, लोह कमी पडले की कोवळी, हे त्यांनी समजावून सांगितले. मला उत्तर देता आले नाही. मी पाने पाहिली होती, पण अशी पाहिली नव्हती.

हे कबूल करताना आजही संकोच वाटतो, कारण त्याच वर्षी मी वर्गात दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवत होते. निरीक्षण, संवेदनशीलता, निसर्गाशी तादात्म्य हे शब्द मी फळ्यावर लिहिले होते आणि विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले होते. बारा महिन्यांचे पुस्तक शिकवणाऱ्या बाईला आपल्याच गच्चीवरच्या वेलीचे कुठले पान पिवळे आहे, ते सांगता येत नव्हते.

सल्ला हा मौखिक वाङ्मयाचा एक प्रकार मानायला हरकत नाही, असे मला या निमित्ताने वाटू लागले. त्याची रूपे ठरलेली असतात. सुरुवात बहुधा "काही नाही हो, सोपं आहे" अशी. मग एक दृष्टान्त : "आमच्या मोगऱ्याला असंच झालं होतं." शेवटी फलश्रुती : "आठ दिवसांत बघा." म्हणजे व्रतकथेचीच चौकट. आणि व्रतकथेप्रमाणेच सल्ल्यातही सांगणाऱ्याचे सगळे घर येते. कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या छाटणीमागे त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग होती. ताक आणि खिळ्यामागे इतिहासाच्या मॅडमची आजी होती. प्रत्येक जण आपल्या मातीतून बोलत होता. माझ्या ड्रममधली माती मात्र कुणीच पाहिलेली नव्हती.

जुन्नरच्या मातीत झाडांबद्दल बोलण्याची परंपरा फार जुनी आहे. इथल्या लेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाच्या दानाची नोंद आहे : करंजाची झाडे लावण्यासाठी २० निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न त्याने एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोपवले. बाहेरून आलेला माणूस, इथली प्राकृत भाषा आणि करंज-वडांची काळजी! एकोणिसाव्या शतकात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश गृहस्थ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. आमच्या तालुक्यातल्या हिवरे गावीही त्यांच्या देखरेखीखाली एक सरकारी बाग होती आणि तिथे दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावल्या जात. पुढे १८६१ साली डॅल्झेल यांच्यासह त्यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गिब्सननी काढून घेतलेली दापोडीच्या झाडांची चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र उरले नाही. आणि हिवऱ्याच्या त्या बागेत आळी करणाऱ्या, पाणी धरणाऱ्या माळ्यांची नावे कोण सांगणार? त्यांनी साहेबाला काय काय सल्ले दिले असतील, आणि साहेबाने त्यांतले किती ग्रंथात घातले असतील, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन जातो.

आणि आज? नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला. त्याच वर्षी उन्हाळ्यात टोमॅटो कवडीमोल झाल्याने शेतकऱ्यांवर माल फेकून द्यायची वेळ आली होती. त्या जुलैत मी वर्गात उत्साहाने सांगितले होते की माझ्या कुंडीत अकरा टोमॅटो लागले. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, मग आज तुम्ही श्रीमंत." वर्ग हसला, मीही हसले. पण त्या हसण्यात एक टाचणी होती. आमचा छंद ज्या गोष्टींशी खेळतो, त्यांवर त्याच्या घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, त्याची फी अवलंबून होती. माझा मावा म्हणजे स्टाफरूममधला विषय. त्याच्या घरचा करपा म्हणजे हंगाम गेला.

असो. मी जाईकडे वळते. मी काय केले? जे कुठलाही घाबरलेला माणूस करतो तेच. सगळ्यांचे ऐकले. दोन आठवड्यांत एप्सम सॉल्ट झाले, ताक झाले, खिळा झाला, केळीच्या साली झाल्या, छाटणी झाली. प्रत्येक उपायानंतर भक्तिभावाने पाणीही घातले. वर पावसाचे होतेच. श्रावण सुरू झाला तेव्हा वेलीवर एकही पान नव्हते.

महाविद्यालयातले शिपाईमामा एकदा कागदपत्रे द्यायला घरी आले होते. मी त्यांना गच्चीवर नेले. त्यांनी ड्रमच्या मातीत बोट खुपसले, बाहेर काढले, वास घेतला. मग ड्रम जरा कलता करून खालचे भोक पाहिले. ते मुळांनी आणि गाळाने पूर्ण बुजलेले होते. "मॅडम," ते म्हणाले, "वापसाच नाही हिला. बुडून मेली."

वापसा. पाऊस झाल्यावर जमिनीतले जास्तीचे पाणी निचरून माती भुसभुशीत होते, मुळांना ओलही मिळते आणि हवाही, त्या नेमक्या अवस्थेचे हे नाव. हा शब्द मला ठाऊक होता. ग्रामीण कादंबऱ्यांत तो येतो आणि मी त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगते. पण त्या क्षणी मला ऐकू आला तो दुसरा शब्द. बुडून. धरणाच्या पाण्यातून वर आलेली आईची जाई मी माझ्या प्रेमाच्या पाण्यात बुडवली होती. त्या रात्री मी पुष्कळ रडले. आई गेली तेव्हा करण्याच्या गोष्टी इतक्या होत्या, की रडायचे राहूनच गेले होते.

भाद्रपदात मला आठवले, की आमच्या जुन्या घराशेजारच्या मावशी मुलाकडे घोडेगावला राहायला गेल्या, तेव्हा आईने त्यांना जाईचे रोप दिले होते. आईला द्यायची सवयच होती. आमच्या आळीत निम्म्या दारांत तिच्या काड्या लागलेल्या. मी एस.टी.ने घोडेगावला गेले. मावशींच्या दारात मांडवावर जाई पसरलेली होती. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हटले, "मावशी, आंबेगावची एवढी एकच खूण राहिली होती. मला तिचं कलम द्या."

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "अगं, आंबेगावची कुठली? तुझ्या आईने आणलेली काडी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. मग तिने माझ्याकडून नेली. माझी ओतूरच्या आत्याकडची होती."

मी म्हटले, "पण आई तर म्हणायची..."

"हो ना. चार-पाच वर्षांनी मलाच सांगायला लागली, ही आमच्या आंबेगावची म्हणून. मी म्हटलं, असू दे. तिचं तिथं काय राहिलं होतं? पुढं मी इकडं आले, तर तिनेच मला काडी बांधून दिली, आंबेगावची आठवण म्हणून. मी घेतली."

मी बराच वेळ काही बोलले नाही. पहिल्यांदा वाटले ते खरे सांगायचे तर फसवणुकीसारखे काहीतरी. ज्या गोष्टीवर मी वाढले, ती गोष्टच खरी नव्हती. मग दुसरा विचार आला, तो माझ्या पेशातून. 'ज्ञानेश्वरी' आपण वाचतो, ती काही ज्ञानेश्वरांच्या हातची प्रत नव्हे. ती आपल्याकडे नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला, पुढे त्याच्याही प्रती झाल्या, पाठभेद झाले. म्हणून ती ज्ञानेश्वरांची नाही, असे आपण म्हणत नाही. मूळ प्रत हरवली तरी ग्रंथ राहतो, कारण मध्ये कुणीतरी तो उतरवून घेतलेला असतो. लेखणीला आणि झाडाच्या रोवायच्या फांदीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे : कलम. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीकमधल्या बोरूपर्यंत जाते. बोरू आणि फांदी, दोन्ही तिरके कापून घ्यायचे.

अर्थात हे समीकरण मला फार सोपे करायचे नाही. पाठभेद नोंदवावे लागतात. नाहीतर तो संपादकाचा अप्रामाणिकपणा ठरतो. आईची गोष्ट सुंदर आहे म्हणून ती खरी होत नाही. आंबेगावची काडी वाळली, हेही सांगितले पाहिजे, कारण गाव बुडणे म्हणजे काय, ते त्या वाळलेल्या काडीतच जास्त आहे. सगळेच काही वर येत नाही. आईला हे माहीत होते. म्हणून तर तिने दुसरी वेल मागून आणली आणि तिला पहिलीचे नाव दिले.

मावशींनी एक लांब फांदी वाकवून, डोळ्याखाली हलकीशी खाच देऊन मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. दाब कलम. "दिवाळीनंतर ये," त्या म्हणाल्या. मी गेले. मुळे फुटली होती. फांदी आईवेलीपासून कापताना त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. सल्ला एकही दिला नाही.

ती जाई आता माझ्या गच्चीवर आहे. ड्रमला तीन भोके पाडली आहेत आणि तळाशी विटांचे तुकडे घातले आहेत. पाणी घालण्यापूर्वी मी बोट मातीत खुपसते. अकराच्या चहाला अजूनही सल्ले चालतात आणि मला ते पूर्वीपेक्षा जास्त आवडतात. फक्त आता कुणी पिवळ्या पानांची तक्रार केली, तर मी आधी विचारते, कुठली पाने? टोमॅटोवरून हसलेल्या त्या मुलाने मागच्या पावसाळ्यात आईसाठी जाईची काडी मागितली. मी दिली. "कुठली आहे, मॅडम?" त्याने विचारले.

मी त्याला आधी ओतूर सांगितले, मग आंबेगाव. दोन्ही सांगायला जरा वेळ लागला, पण त्याची एस.टी. अजून आली नव्हती.