कारण : थंडी

प्रशासनातील बहुतेक नमुन्यांत 'कारण' असा एक रकाना असतो. रकाना आहे म्हणून तो भरावा लागतो आणि एकदा भरला की चौकशी संपते. असा घाईने भरलेला रकाना किती महाग पडू शकतो, याचे एक उदाहरण मत्स्यव्यवसायातील आहे.

ट्राउट हा मूळचा आपल्याकडचा मासा नव्हे. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी गळ टाकून मासे पकडण्याच्या हौसेपायी तो काश्मीरच्या ओढ्यांत आणला. पुढे कुलू खोऱ्यात पतलीकुहल येथे नॉर्वेच्या साहाय्याने रेनबो ट्राउटची शास्त्रीय शेती सुरू झाली. आज काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचलमधील शेतकरी ओढ्याचे वाहते पाणी सिमेंटच्या लांबट हौदांतून खेळवून हा मासा वाढवतात. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतूनही अशा हौदांना अनुदान मिळाले.

काही वर्षांपूर्वी एका योजनेच्या आढाव्यासाठी मी अशाच एका खोऱ्यात गेलो होतो. तेथील कार्यालयाच्या नोंदवहीत सलग तीन वर्षे मत्स्यबीजाच्या मृत्यूपुढे एकच शब्द होता : थंडी. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या हौदावर गेलो. हा सैन्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. बँकेचे कर्ज काढून त्याने दोन हौद बांधले होते. थंडीचा विषय काढताच तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बर्फाच्या पाण्यात राहणारा मासा थंडीने कसा मरेल?"

या प्रश्नाला नोंदवहीत उत्तर नव्हते. त्याची पिल्ले काळवंडून मरत होती, कल्ले फिके पडत होते, काहींच्या शेपटीचे मांस झडून आतला मणका दिसत होता. नमुना प्रयोगशाळेत गेलाच नव्हता, त्यामुळे तो रोग कोणता होता हे मी सांगू शकत नाही. परंतु ही लक्षणे ज्या रोगाशी जुळतात त्याला शीतजल रोग म्हणतात. अमेरिकेतील डेव्हिस या शास्त्रज्ञाने १९४६ साली त्याचे वर्णन केले आणि १९४८ मध्ये बोर्ग यांनी त्याचा जंतू वेगळा काढला. आज तो फ्लेव्होबॅक्टेरियम सायक्रोफिलम या नावाने ओळखला जातो. पाणी १० अंशांच्या आसपास असताना हा रोग सर्वात जास्त बळी घेतो, आणि तेही नुकत्याच खाऊ लागलेल्या पिल्लांचे. म्हणजे थंडी ही या रोगाची संधी आहे, कारण नव्हे. दोन्ही एकाच वेळी येतात म्हणून नोंदवहीत एक दुसऱ्याच्या जागी बसते.

येथे एक तांत्रिक अडचण समजून घेतली पाहिजे. हा जंतू नेहमीच्या पोषक माध्यमावर आणि उबदार तापमानात नीट वाढत नाही. त्याला कमी पोषणाचे माध्यम, १५ अंशांच्या आसपासचे तापमान आणि काही दिवसांचा धीर लागतो. सर्वसाधारण प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर 'जंतू आढळला नाही' असा अहवाल येऊ शकतो, आणि मग 'थंडी' या शब्दाला शास्त्राचा शिक्काही मिळतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हा जंतू अंड्यातून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. अंडी आयोडीनच्या द्रावणात, दशलक्षात १०० भाग या प्रमाणात, १० मिनिटे ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु त्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो, अंड्याच्या आत बसलेला जंतू सुटतो. उत्तर अमेरिकेपुरता समजला जाणारा हा रोग १९८० च्या दशकात युरोपच्या ट्राउटशेतीत दिसू लागला. डोळे दिसू लागलेल्या अंड्यांचा व्यापार हे त्याच्या प्रसाराचे एक प्रमुख कारण मानले जाते. तरीही जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या सूचीत तो नाही. जे सूचीत नाही ते प्रमाणपत्रात नाही, आणि जे प्रमाणपत्रात नाही ते तपासणी करणाऱ्याच्या नजरेतही नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध आठवेल. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो. मत्स्यबीजाची स्थिती याहून बिकट आहे, कारण येथे विकणाऱ्यालाही दोष माहीत नसतो. शिवाय वरच्या शेतकऱ्याच्या हौदातले पाणी ओढ्यातून खालच्याच्या हौदात जाते. एकाने कितीही काळजी घेतली तरी ती पुरत नाही. अशा ठिकाणीच शासनाची गरज असते.

मग शासनाने काय करावे? सर्वत्र परिणामकारक ठरलेली लस अजून नाही. फ्लॉरफेनिकॉलसारखी प्रतिजैविके आहेत, पण ती सरसकट वापरली तर जंतूच निर्ढावतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील लीटाउन येथे शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या रोगाला तोंड देणारी रेनबो ट्राउटची जात तयार केली. ते काम एका अर्थसंकल्पी वर्षात बसणारे नव्हते.

आपल्याकडे जलचर रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि भीमतालला शीतजल मत्स्यसंशोधनाची संस्थाही आहे. उणीव आहे ती खालच्या नोंदीत. बीज केंद्राचे उद्दिष्ट 'किती लाख बीज वाटले' या आकड्यात मोजले जाते. तीन महिन्यांनी त्यातील किती जगले, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते प्रत्येक वाटपाबरोबर मादी-नरांच्या गटाचा क्रमांक लिहावा आणि शेतकऱ्याकडील जगण्याचे प्रमाण त्याच क्रमांकापुढे नोंदवावे. दोन हंगामांत कोणता गट संशयास्पद आहे हे कळू लागेल, आणि मग त्याच गटाची प्रजननापूर्वी तपासणी करता येईल. यासाठी नवी योजना लागत नाही. एक रकाना वाढवावा लागतो.

मात्र मृत्यू कळवणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या अनुदानासाठी अपात्र ठरवले जाणार नाही, असे लेखी आश्वासन आधी द्यावे लागेल. ते नसेल तर तो मेलेली पिल्ले निमूटपणे पुरून टाकील, आणि कर्जाचा हप्ता मात्र भरत राहील.