मुळशीचा पाऊस आणि संगमरवराची पायरी

पुण्याच्या चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकीत मुळशीच्या जलाशयाकडे जातो आणि पुढे ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे गाजलेला १९२१ चा मुळशी सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध झाला, त्याच धरणाच्या परिसरात आज पुण्या-मुंबईच्या व्यापारी कुटुंबांची विसाव्याची घरे दिसतात. त्यांत जैन कुटुंबांचीही आहेत, आणि घर जैनांचे असले की संगमरवर बहुधा आलाच. देवघर, बैठक, ओटा आणि थेट अंगणात उतरणाऱ्या पायऱ्याही पांढऱ्याशुभ्र.

हा दगड इथला नव्हे. मुळशीचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, लाव्हारसातून घडलेला. संगमरवर येतो तो राजस्थानातून. ताजमहालाचा संगमरवरही मकराण्याचाच. मारवाडातून पूर्वजांनी महाराष्ट्रात येऊन पेढ्या थाटल्या, त्यांच्यामागून त्यांचा दगडही आला म्हणावे. मात्र मकराण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा ताम्हिणीच्या माथ्यावर जोराच्या एका आठवड्यात कोसळतो. माणसे इथल्या पावसाला सरावली, दगड सरावला नाही.

आषाढ लागला की उघड्या पायऱ्यांवर हिरवी साय धरते. घर महिना-दोन महिने बंद असते. मग शनिवारी मालक येणार असा निरोप येतो आणि राखणदार मोठ्या आस्थेने ॲसिडची बाटली ओततो. दगडावर फेस येतो; मळ निघाल्याचे समाधान वाटते. वस्तुतः तो फेस मळाचा नसून दगडाचाच असतो. संगमरवर मूळचा चुनखडीच्या जातीचा. आम्ल लागताच तो विरघळतो व त्यातून कर्बवायू बाहेर पडतो. पायरी हिरवी राहत नाही, पण तिची झिलई जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढल्या पावसात शेवाळ तिथे अधिक घट्ट धरते. व्याज वसूल करताना मुद्दल बुडविण्यासारखा हा व्यवहार. देलवाड्याच्या कारागिरांना कोरून निघालेल्या भुकटीच्या वजनाने मोबदला मिळे, अशी आख्यायिका आहे. इथे ती भुकटी मोरीतून वाहून जाते.

दगडाची हानी पैशांत मोजता येते. शेवाळाचे तसे नाही. शास्त्राने ते अनंतकाय मानले आहे. चातुर्मासात पाने-भाज्या वर्ज्य करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या कुटुंबाच्या दारात त्याच चातुर्मासात ॲसिडने अनंत जीवांचा संहार व्हावा आणि तोही घरच्यांच्या स्वागतासाठी, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. राखणदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते.

यतना म्हणजे शेवाळ मारणे नव्हे, ते उगवू न देणे. वैशाखातच पागोळीचे पाणी पन्हळीतून दूर न्यावे, ओट्यावर पुढे आलेले छप्पर घालावे, पाणी साचते तिथे उतार काढून घ्यावा. तरीही शेवाळ आलेच, तर तो दरवाजा बंद ठेवून दुसऱ्या वाटेने ये-जा करावी. वृद्धांच्या पायांच्या दृष्टीनेही तेच सुरक्षित. नवे घर बांधणाऱ्यांनी बाहेरच्या पायऱ्या टाकी लावलेल्या काळ्या पाषाणाच्याच कराव्यात. गावातल्या जुन्या घरांचे जोते त्याच दगडाचे असे, ते उगीच नव्हे.

घरातल्या संगमरवराची निगा त्यामानाने सोपी. आधी मऊ कुंच्याने वा पुंजणीने हलकेच झाडून घ्यावे, कारण पायांबरोबर आलेली वाळू फडक्याखाली घासली गेली की ओरखडे पडतात. मग गाळलेल्या कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, पुन्हा स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडे सुती कापड. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर सांडल्यास तत्क्षणी टिपावे; लिंबाने फरशी उजळते हा समज तर सोडूनच द्यावा. तेला-तुपाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप रात्रभर झाकून ठेवल्यास तो बरेचसे तेल शोषून घेतो. आम्लाने पडलेला निस्तेज ठिपका मात्र डाग नव्हे, ती जखम होय. तिला पॉलिश करणारा कारागीरच हवा. दुकानात मिळणारा सीलर पाणी व तेल मुरणे लांबवितो, आम्लापासून वाचवीत नाही. हे विकणारा क्वचितच सांगतो.

खरे तर ही रीत देरासरात रोज डोळ्यांपुढे असते. प्रक्षालानंतर प्रतिमेवर एकामागून एक तीन अंगलूछणी फिरवितात. कोपऱ्यात, बोटांच्या बेचक्यात थेंबही राहू देत नाहीत. वाळाकुंची लागलीच तर ती हलक्या हाताने, अडलेल्या जागीच.

आश्विनात मुळशीवरचे ढग विरतात आणि उन्हे ओट्यापर्यंत येतात. पायरीवरचे शेवाळ आपोआप सुकते, करडे पडते, कडांना सुटू लागते. पूर्ण वाळेपर्यंत थांबलेल्या घरात दिवाळीच्या सफाईला मऊ झाडूचे दोन हात पुरतात.