खाण्यापुरता गहू

पुणे, 9 डिसेंबर

चि. अमोल यास,


परवा फोनवर तू घाईत होतास, मागे ट्रॅक्टर सुरू होता, आणि माझं निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. म्हणून लिहिते. तुझा प्रश्न एवढाच होता: "आत्या, दुकानदार म्हणतोय गव्हाला आत्ताच झिंक मारा, फुटवे वाढतील. मारू का?" हो किंवा नाही म्हणून मोकळी झाले असते. पण आयुष्यभर मातीचे नमुने तपासलेल्या बाईला विचारलंस, आता भोग.

दुकानदार खोटं बोलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, सामू आठच्या वर गेला की जस्त असून नसल्यासारखं असतं. मुळांना ते सुटतच नाही. पानं फिकट पडली असतील तर आत्ताचा फवारा जरूर मार. पण तो पिकासाठी. दाण्यासाठीचा फवारा वेगळा असतो आणि तो तुला कोणी सुचवणार नाही, कारण त्याने उतारा वाढतोच असं नाही. वाढतं ते दाण्यातलं जस्त, आणि बाजार समितीत गव्हाची मूठ हातात घेऊन जस्त कोणी पाहत नाही. तिथे रंग बघतात, टपोरेपणा बघतात, फार तर दातांनी एक दाणा फोडतात.

हा दुसरा फवारा दोनदा द्यायचा. एकदा गहू पोटरीत असताना, म्हणजे तुझ्याकडे संक्रांतीच्या आगेमागे, आणि मग दाणा चिकात आला की, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्या दिवसांत झाड आपल्या पानांतलं जे जे हलवता येईल ते ओंबीकडे धाडत असतं. पानावर पडलेलं जस्त त्या वाहत्या रसात चढतं आणि दाण्यात जाऊन बसतं. भारतासह सात देशांतल्या शेतांवर हे करून पाहिलं आहे. 2012 मध्ये आकडे छापून आले. किलोभर गव्हात सरासरी 27 मिलिग्रॅम जस्त होतं, ते पानांवरच्या फवाऱ्याने 48 पर्यंत गेलं. तेच जस्त नुसतं जमिनीत घातलं तर वाढ जेमतेम 12 टक्के. मी नोकरीत असताना शेतकऱ्याला कायम "जमिनीत घाला" सांगत आले. उताऱ्यापुरतं ते बरोबरच होतं. दाण्यात काय उतरतं हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही.

या कामामागचं मोठं नाव इस्माइल चाकमाक, तुर्कस्तानचे. तिकडे अनातोलियाच्या पठारावर गहू खुरटत होता. 1990 नंतरच्या वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की खोट जस्ताची आहे. जस्त दिलं आणि पिकं उठली. पण हे गृहस्थ तिथे थांबले नाहीत. पीक उठलं, मग ते खाणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

माणसाची गोष्ट त्याही आधीची, आणि ती आपल्या बिहारच्या माणसाची आहे. बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 साली इराणमध्ये शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे एक रुग्ण आला: वय 21, दिसायला दहा वर्षांचा पोरगा. खाणं काय, तर बिनखमिराची रोटी, आणि सवय माती खायची. पुढे इजिप्तमध्ये तशाच रुग्णांवर काम करून प्रसादांनी सिद्ध केलं की ही वाढ जस्ताअभावी खुंटते. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं यावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता. रोटीत जस्त नव्हतं असं नाही, पण धान्यातलं फायटेट त्याला धरून बसतं, आतड्याला सोडत नाही. खमीर चढलं की ही पकड सैल होते. आपली आजी ज्वारीचं पीठ आंबवून अंबील करायची, तेव्हा तिला फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता. आपली पोळी मात्र त्या शिराझच्या रोटीची सख्खी बहीण. त्यात सूनबाई पीठ बारीक चाळणीने चाळते. तिला सांग, कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुरातच जस्त जास्त असतं; कोंडा म्हशीच्या घमेल्यात गेला की फवारा म्हशीलाच लागू पडायचा.

आता तू विचारशील, असला गहू खाऊन फरक पडतो का? दिल्लीत सुमारे सहा हजार लहान मुलं आणि बायका घेऊन हे तपासलं गेलं. निष्कर्ष 2018 मध्ये आले. सहा महिने काहींना जास्त जस्ताचं पीठ, काहींना कमी. जास्तवाल्या मुलांत न्यूमोनियाने आजारी असण्याचे दिवस 17 टक्क्यांनी कमी भरले. रक्तात मोजलेलं जस्त मात्र वाढलं नाही. हे दोन्ही एकत्र वाचल्यावर मी बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. मला ते आशेचं वाटतं, पण चमत्काराचं नाही. "ही पोळी खा, औषध सोडा" असं कोणी सांगू लागला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठव.

आणि वहिनीचं हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून गव्हावर लोहाचा फवारा मारायचं तुझ्या डोक्यात असेल, तर ते काढून टाक. लोह पानातून दाण्याकडे जस्तासारखं सहज जात नाही. पान हिरवं होतं, दाण्यात फारसा फरक पडत नाही. लोहासाठी बियाणंच वेगळं घ्यावं. राहुरीच्या विद्यापीठाबरोबर इक्रिसॅटने काढलेली धनशक्ती बाजरी आहे, परभणीची परभणी शक्ती ज्वारी आहे. वहिनीला म्हणावं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव आणि थंडीत बाजरीची भाकरी खा. तुझ्या इगतपुरीच्या सासऱ्यांनाही भातावर झिंक मारायचा उत्साह येईल. त्यांना आधीच सांग, भातात बरंचसं जस्त तुसातच राहतं. सालीसकट दाण्यात 66 टक्के वाढ दिसली तिथे सोललेल्या तांदळात 25 टक्केच होती. पुढे पॉलिश केलं की त्यातलंही आणखी जातं.

खरं सांगू का, मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. तुझ्या द्राक्षबागेत मी गेल्या वर्षी आठ दिवस होते. झिंक, बोरॉन, कॅल्शियम, जीएची डिपिंग. घडाघडाला काय लाड! का, तर तो माल युरोपात जाणार. आणि बांधापलीकडचा गहू, जो तुझी मुक्ता डब्यात नेणार, त्याला युरिया फेकला की झालं. अख्ख्या निफाड तालुक्यात फवारणीत तुमचा हात धरणारा कोणी नाही, आणि घरच्या पोळीवर एक थेंब नाही.

विकायच्या गव्हावर मार असं मी म्हणत नाही. त्याचे जास्तीचे पैसे तुला कोणी देणार नाही, आणि शेतकऱ्याने पदरमोड करून देशाचं पोषण करावं ही भाषा मला सहन होत नाही. सरकारला करायचं असेल तर त्याने भाव द्यावा. पण विहिरीजवळचे 15 गुंठे तू दरवर्षी खाण्यापुरते ठेवतोस ना? तेवढ्यावर मार. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट, 21 टक्केवालं. 33 टक्केवालं मिळालं तर 50 ग्रॅमच्या आतच. 15 गुंठ्यांना पाच पंप होतील. दोन्ही फवारण्यांना मिळून किलोची पिशवी पुरून उरेल. ऊन उतरल्यावर मार, पान ओलं राहील तेवढं बरं. जानेवारीत माव्याचं औषध मारावंच लागलं तर पोटरीचं झिंक त्यातच उरकता येईल, आधी बाटलीत थोडं मिसळून बघ. चिकात असताना मात्र नुसतं झिंक. तो दाणा आपल्याच पोटात जायचा आहे. आणि तणनाशकाचा पंप वापरू नकोस, हे द्राक्षवाल्याला मी सांगायला नको.

डीएपी मात्र त्यात कधी घालू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक फवारणी वाचवायला मी दोन्ही एकत्र केलं. टाकीत दही लागलं आणि नोझल सुईने साफ करता करता अंधार पडला. त्या दह्याचा एक उपयोग आहे. झिंक सल्फेट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट गळ्यात मारतात, दिसायला अगदी सारखं. चमचाभर पाण्यात चिमूटभर डीएपी विरघळव, दुसऱ्या चमच्यात ते झिंक, आणि एकत्र कर. दाट पांढरा साका आला तर झिंक. पाणी तसंच राहिलं तर पिशवी दुकानदाराला परत नेऊन दे.

मळणीनंतर मला नमुने हवेत. फवारलेल्यातले अर्धा किलो, न फवारलेल्यातले अर्धा किलो, दोन्ही शेताच्या मधून घे, बांधाकडचे नकोत. कापडी पिशवीत घाल. पत्र्याच्या बादलीत किंवा डब्यात अजिबात ओतू नकोस, त्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो, मग मी काय तुझी बादली तपासू? दळून पाठवू नकोस. फवारलेल्या पिशवीला लाल दोरा बांध. हरभऱ्याच्या वेळी तू दोन्हींना लाल बांधला होतास.

वहिनीला नमस्कार, सूनबाईला आणि मुक्ताला आशीर्वाद.

तुझी
आत्या