सापाचा उपास

श्रावण लागला की आमच्या कनेरगाव नाक्यावर जो तो उपाशी. सोमवार आहेत, शनिवार आहेत, एकादशी आहे. चतुर्थीला बायका भावासाठी उपास धरतात आणि दुसऱ्या दिवशी, पंचमीला, दूध-लाह्या घेऊन वारुळाकडे निघतात. स्वतः उपाशी राहण्यात आम्ही तरबेज. पण दुसरं कुणी जेवलं नाही म्हटलं की आमच्या जिवाला घोर लागतो. त्या वारुळातला साप खरोखरच उपाशी असेल, आणि तेही राजीखुशीनं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

कात टाकायच्या बेतात असला की साप सहसा खात नाही. आधी अंगावरचं तेज जातं, रंग मळल्यासारखा दिसतो. मग डोळे निळसर, दुधाळ होतात. सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि कातीबरोबर तोही जायचा असतो. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साचतो, त्यानं नजर धूसर होते. अशा दिवसांत साप बिळात पडून राहतो, चिडका होतो, कुणी डिवचलं तर न बघताच फणकारतो. आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. गंमत अशी की कात पडण्याआधी काही दिवस डोळे पुन्हा लख्ख होतात. त्यानंतर तो नाकाड दगडाधोंड्यावर घासतो, ओठापाशी कात सोडवतो आणि स्वतःतूनच पुढं सरकत बाहेर पडतो. मागं राहते ती उलटी झालेली कात, घाईनं पायातून ओढून काढलेल्या मोज्यासारखी. तिच्यात डोळ्यांवरचे ते दोन खवलेसुद्धा असतात. हवा फार कोरडी असली तर मात्र ती अखंड निघत नाही, तुकडे तुकडे होतात.

न खाण्यात शहाणपण आहे. दिसत नसताना शिकार कशी धरायची? शिवाय सापाचं जेवण म्हणजे चार घास नव्हेत. ब्रह्मदेशी अजगरानं मोठी शिकार गिळली की दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा मुख्य कप्पा 40 टक्क्यांपर्यंत वाढतो, असं संशोधकांनी मोजलेलं आहे. पचवणं हेच एवढं मोठं काम. एका वेळी एकच मोठं काम अंगावर घ्यावं, हे सापाला कळतं. आमच्याकडं पेरणी आणि लग्न एकाच महिन्यात काढणारे आहेत.

पैनगंगेच्या या पट्ट्यात सोयाबीन आहे, हळद आहे, म्हणजे उंदीर आहेत आणि उंदरांमागं धामण आहे. तिचं पोट भरायची चिंता आम्ही करायचं कारण नाही. पण टोपलीतला नाग परस्वाधीन. गारुडी त्याला आधी तहानेला ठेवतो आणि पंचमीला वाटी पुढं करतो. तहानेनं व्याकुळ झालेला जीव दूधही पितो. ते त्याला पचत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा खेळ गुन्हा ठरवला, तिकडे बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पंचमीही उच्च न्यायालयानं थांबवली. पण दूध पाजण्याची आमची हौस काही कायद्यानं आटत नाही.

आमच्या घरात साप पाळलेला आहे. फक्त तो डॅलसला असतो. पुतण्यानं तिथं एक कॉर्न स्नेक आणलाय: नारिंगी, बिनविषारी, काचेच्या पेटीत राहणारा. आईनं व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं, हात जोडले आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवला का?"

"नाही आजी, आठवडा झाला. डोळे निळे झालेत, कात टाकणार आहे."

"आठवडा! आन् तू नुसता पाहत बसलास? दूध तरी ठिव की लेकरा मोरं."

पुतण्यानं समजावलं की पाण्याचं भांडं आहे, ओल्या शेवाळाची डबी आहे. या दिवसांत हात लावायचा नाही, खायला पुढं करायचं नाही. आईला ते पटलं नाही. फोन ठेवून तिनं औंढ्याच्या नागनाथाला साकडं घातलं आणि त्या दिवसापासून "त्यानं काही खाल्लं का गं?" हे घरात रोजचं झालं. 'त्यानं' म्हणजे नातवानं नव्हे, हे एव्हाना सगळ्यांना कळत होतं.

पंचमीच्या सकाळी घरात पुरणाचे दिंड उकडत होते. या दिवशी आमच्याकडं चिरणं-कापणं नाही, चुलीवर तवा चढत नाही, नांगर तर जमिनीला लागतच नाही. तेवढ्यात डॅलसहून फोन आला. कात अखंड निघाली, शेपटीच्या टोकापर्यंत. भूकही परतली होती.

"आता देणार आहे उंदीर," पुतण्या म्हणाला. "फ्रीजरमधला आहे."

आई गप्प झाली. पंचमी, आणि त्यात उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. मग तिनं चौकशी सुरू केली.

"चिरून देतूस का?"

"नाही आजी, अख्खा."

"तव्यावर गरम करतूस?"

"छे, कोमट पाण्यात ठेवतो."

"मंग चालतंय," आई म्हणाली, "दे बिनघोर."