भंगार कोण ठरवतं?

दहा मिनिटांत तापून बंद पडणारा जुना लॅपटॉप म्हणजे भंगार, हा निकाल फार घाईने दिला जातो. सिरसाळ्यात मी असे लॅपटॉप उघडतो, तेव्हा बऱ्याचदा दोष निघतो तो वाळलेल्या थर्मल पेस्टचा आणि पंख्यात अडकलेल्या धुळीचा. प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून नेणारं तांबं यांच्यातल्या बारीक फटी ही पेस्ट भरते. ती वाळली की फटीत हवा राहते, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. तापमान १०० अंशांजवळ गेलं की प्रोसेसर आधी वेग कमी करतो, मग मशीन बंद पडतं.

उपाय अवघड नाही. बॅटरीची जोडणी काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी थोडीशीच लावा, स्क्रू आलटून-पालटून कसा. जिथे थर्मल पॅड होतं, तिथे मात्र तेवढ्याच जाडीचं पॅडच लागतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा, मग वस्तीतल्या पोरांना मशीन नको? 'हे मिस्त्रीचं काम' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना विचारतो: हाताचं काम हलकं, ही उतरंड कोणाची? बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तिच्यावरच घाव घातला. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत दलित बायाच जास्त. पण त्यातलं काय दुरुस्त होतं, हे ज्ञान दुसऱ्यांकडे राहिलं. ते आपल्या हातात घ्या. प्रत्येक अभ्यासिकेत निदान एका मुलीने आणि एका मुलाने हे शिकलंच पाहिजे.

जय भीम!