सहा काटक्या

गुलाब देऊन प्रेम व्यक्त करावे, ही रीत आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. फेब्रुवारी आला की मावळातल्या हरितगृहांतून लांब दांड्यांचे तांबडे गुलाब पेट्या भरभरून निघतात. काही मुंबईला, काही थेट परदेशी. त्यांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण फुलाची भेट हातात पडते त्या क्षणीच पुरी झालेली असते. घेणाऱ्याने हसायचे आणि फुलदाणीत पाणी घालायचे, एवढेच काम उरते. मला मिळालेले गुलाब निराळे होते. त्यांना फूल नव्हते, पान नव्हते, मुळांना चिमूटभर मातीसुद्धा नव्हती.

१९८८ सालची गोष्ट. बढती मिळून ह्यांची बदली दिल्लीला झाली. मुलांची शाळा, सासूबाईंचा दमा, तिकडची थंडी असा सगळा हिशेब मांडून आम्ही पुण्यालाच राहायचे ठरले. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न!" असे जो तो म्हणे. ती वर्षे ज्यांना काढायची असतात त्यांना ती केवढी लांब वाटतात, हे सांगणाऱ्यांच्या गावीही नसते. त्यातून हे पत्र लिहिण्यात अगदी कंजूष. आंतर्देशीय पत्रातल्या निम्म्या ओळी विम्याचा हप्ता आणि घरपट्टी ह्यांनी अडवलेल्या; उरल्या जागेत 'प्रकृतीस जपणे'. रात्री मुले निजली की मी ते पत्र पुन्हा उघडी आणि घरपट्टीच्या पलीकडे काही सापडते का ते पाही.

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. त्याच्या आदल्या दिवशी ह्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ झेलम एक्सप्रेसने पुण्याला आले आणि गोणपाटाची एक गुंडाळी देऊन गेले. सुतळी सोडली तो आत ओले शेवाळ, आणि शेवाळात सहा काटेरी काटक्या! सासूबाई चष्मा सारखा करीत म्हणाल्या, "अगं, लग्नाच्या वाढदिवसाला सरपण पाठवलंय का माझ्या लेकानं?"

सोबत चिठ्ठी होती : 'गुलाबाची कलमे आहेत. मुळे वाळू देऊ नकोस. रात्रभर पाण्यात ठेव. बाकी तू करशीलच.'

ते शेवटचे वाक्य मी किती वेळा वाचले, ते सांगत नाही.

थंड मुलखात हिवाळा आला की गुलाब पाने गाळून झोपी जातो. त्या झोपेत त्याला मुळासकट उपटले, माती झाडली आणि मुळे तेवढी ओली राखली, तर तो दूरचा प्रवास सोसतो. कुंडीचे ओझे नाही की मातीचे नाही. आपल्या उत्तरेकडे ही झोप तितकी गाढ नसते. तरी थंडीत तिकडूनही अशी कलमे धाडतात.

रात्रभर सहाही जणी बादलीत भिजल्या. सकाळी परसात दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. म्हणून तळाला विटांचे तुकडे, वर माती, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड. खड्ड्याच्या मध्यावर मातीचा लहानसा उंचवटा करायचा आणि छत्रीच्या काड्या पसराव्यात तशी मुळे त्यावर पसरायची. रानगुलाबाच्या खुंटावर जिथे डोळा भरलेला असतो तो सांधा आपल्याकडच्या उबदार हवेत मातीच्या वर राहू द्यायचा. बर्फ पडणाऱ्या देशांत मात्र तो मातीखाली झाकतात. सांध्याच्या खालून आलेला फुटवा दिसायला जोमदार असतो, पण तो रानटी खुंटाचा. तो मुळापासून ओढून काढला नाही, तर पाहुणा यजमानाला घराबाहेर काढतो.

एका काटकीला 'पीस' अशी चिठ्ठी होती. हा पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला गुलाब फ्रान्समधल्या मेयाँ घराण्याचा. १९३९ साली, युद्ध दाराशी आलेले असताना, त्यांनी ह्या गुलाबाच्या डोळकाड्या परदेशी पाठवल्या. युद्धाने ताटातूट झाली, पण काड्या परमुलखात वाढल्या. १९४५ साली अमेरिकेत त्याला 'पीस', म्हणजे शांतता, हे नाव मिळाले. घरच्यांनी मात्र त्याला फ्रांसिस मेयाँच्या आईचे नाव दिले होते.

तीन आठवड्यांनी पहिला तांबूस कोंभ डोकावला. मग दुसरीला, तिसरीला. पाच जणी फुटल्या. सहावीच्या सालीवर मी रोज नखाने बारीक ओरखडा काढून हिरवे शोधी. एके दिवशी ते सापडेनासे झाले. प्रवासातच तिची मुळे वाळली होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस 'पीस'ला कळी आली. होळीला हे रजेवर यायचे होते. आणि पहिल्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे झाडाचे बळ मुळांत आणि फांद्यांत उतरते, असे सगळेच जाणते सांगतात. मी दोन दिवस त्या कळीभोवती घुटमळले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "खूड गं! नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी कुणी तिला दळायला बसवतं का?" मी त्यांच्याकडे पाहिले. त्या तुळशीकडे पाहत होत्या. मी कळी खुडली. मग एकामागून एक आल्या तितक्या खुडल्या.

होळीला हे आले. पिशवी ओसरीवर टाकून आधी परसात गेले. फूल एकही नव्हते. उकिडवे बसून त्यांनी एकेका झाडाचे फुटवे बोटाने मोजले.

"साही?"

"पाच."

"पुष्कळ झाल्या," हे म्हणाले, आणि खूप वेळ तिथून उठले नाहीत. त्या वर्षी घरपट्टीचा विषय परसात निघाला नाही.

हे परत येईपर्यंत तीन वर्षे गेली. ती मी पत्रांवर काढली नाहीत. पाणी, खत, मावा आणि रानफुटवे ह्यांवर काढली. फुले पाठवली असती तर तिसऱ्या दिवशी सुकली असती आणि मी पुन्हा पत्रात शोधत बसले असते. ह्यांनी अर्धीच भेट पाठवली, म्हणून उरलेली अर्धी माझी झाली.

आता सासूबाई नाहीत. ती पहिली झुडपेही थकून गेली. पण 'पीस'चा डोळा आम्ही वेळोवेळी नव्या खुंटावर भरत आलो, त्यामुळे गुलाब तोच आहे. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास हे कात्री घेऊन छाटणी करतात आणि मी त्यांच्या मागून जखमांना लेप लावते. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी बहर येतो. हिशेब केलात तर तो डिसेंबरच्या अखेरीला, आमच्या तिथीपाशीच जातो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा छाटणी आटोपलेली असेल. फराळाला जरूर या. पण परसात तुम्हाला काटक्याच दिसतील. फुलांसाठी मात्र डिसेंबरात पुन्हा एक खेप घाला.